ओल्या इंधनाचा धूर

एखाद्या मनुष्याविषयी बोलताना त्याचे काम व स्वभाव यांच्या आधी त्याची जात, प्रांत किंवा भाषा आपल्या ओठांवर येते. 'ते लोक असेच असावयाचे', एवढे म्हटले की आपले समाधान होते. मनुष्य असे का करतो, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

न्यायशास्त्रातील एक प्रसिद्ध दृष्टांत येथे उपयोगी पडतो. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती खरी. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, ही व्याप्ती खरी नव्हे. तप्त लोखंडाचा गोळा अग्निमय असतो, तरी त्यातून धूर निघत नाही. अग्नीशी ओल्या इंधनाचा संयोग झाला तरच धूर निघतो. दृष्टीआड राहिलेल्या या अटीस नैयायिक 'उपाधी' म्हणतात. समाजाविषयी ठोकळ मते बनविणारा मनुष्य नेमकी ही उपाधी पाहावयास विसरतो.

आपल्या हैदराबाद शहराचेच उदाहरण घेऊ. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने संस्थानातील नोकऱ्या 'मुलकी' लोकांसाठी राखल्या गेल्या. बाहेरून आलेल्यास मुलकी ठरण्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य आवश्यक असे. तेव्हा हा शब्द केवळ वास्तव्याचा निर्देश करीत होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मद्रासकडील व अन्य प्रांतांतील अधिकारी येथे आले. हक्काच्या जागा जात असल्याची स्थानिकांची तक्रार निराधार नव्हती. परंतु १९५२ च्या आंदोलनात 'गैरमुलकी गो बॅक' या घोषणेच्या जोडीस 'इडली-सांबार गो बॅक' ही घोषणाही आली. नियम डावलणारा अधिकारी बाजूस राहिला आणि एका संपूर्ण समाजाचे अन्न आरोपी झाले. त्या सप्टेंबरात सिटी कॉलेजपाशी गोळीबार होऊन तरुणांचे प्राण गेले.

पुढे कोणी स्थानिकांस 'आळशी' म्हणे, तर कोणी बाहेरच्यांस 'धूर्त'. येथील ओले इंधन कोणते होते? १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होत असे. मद्रासकडे इंग्रजीचा प्रसार अधिक होता. कारभाराची भाषा पालटताच एकाची विद्या निरुपयोगी ठरली व दुसऱ्याची कामास आली. या फरकाचे मूळ शाळेत होते. लोकांनी ते रक्तात शोधले.

आपणा मराठी भाषिकांनाही हा अनुभव आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मराठी ही या राज्याच्या प्रमुख भाषांपैकी एक होती. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि येथील मराठी कुटुंबे अल्पसंख्य ठरली. नल्लकुंटा-काचीगुड्याकडच्या घरांनी उंबरठाही ओलांडला नव्हता. तरी त्यांची ओळख पालटली.

मग मन हे का सोडीत नाही? प्रत्येक मनुष्य स्वतंत्रपणे जाणून घेणे श्रमाचे असते. शिक्का मारल्याने ते श्रम वाचतात. जागा थोड्या व इच्छुक फार झाले की भयाला एक चेहरा हवा असतो. शिवाय मताशी जुळणारे दहा जण आपण ध्यानात ठेवतो आणि न जुळणाऱ्या दहांना 'अपवाद' म्हणून सोडून देतो. मी पुरोहिताचा मुलगा. 'भटाची दृष्टी दक्षिणेवर', हे वाक्य अनेकदा कानी पडले आहे. दक्षिणेवाचून ज्यांची चूल पेटत नाही, त्यांची अडचण त्या वाक्यात दिसत नाही. मात्र आपल्या पंगतींतही तेलुगू वा मुसलमान शेजाऱ्यांविषयी अशीच वाक्ये उच्चारली जातात, हे नाकारता येणार नाही.

यास्तव वाचकांनी एक अभ्यास करून पाहावा. 'ते लोक' हे शब्द ओठांवर येताच दोन प्रश्न विचारावेत: धूर न देणारा लोहगोल मी पाहिला आहे काय? आणि येथे ओले इंधन कोणते? उत्तर मिळेपर्यंत वाक्य अपुरे ठेवावे. इतका संयम पाळला तरी शेजाऱ्याशी होणारा पुष्कळसा अन्याय टळेल.