घळीत उतरण्याआधी

पाऊस ओसरला की वस्तीतल्या पोरापोरींच्या मोबाईलवर डोंगरांच्या चित्रफिती फिरू लागतात. कुणीतरी गट काढतो, माणशी पैसे गोळा होतात, शनिवारी रात्री टेम्पो ठरतो. विहारातल्या आरोग्य वर्गाला आलं की पोरं आम्हाला विचारतात, “ताई, सोबत काय न्यायचं?” त्यांच्या आया हळूच वेगळं विचारतात, “पाठवू का नको?”

पाठवा, असंच आमचं उत्तर असतं. आठवडाभर दुचाकीवर पार्सलं पोचवणाऱ्या किंवा दहा तास मशीनसमोर उभं राहणाऱ्या शरीराला एक दिवसाची चाल फार चांगली. डोंगर बघायची हौस फक्त पैसेवाल्यांनीच करावी, असं कुठं लिहिलेलं नाही. पण हल्ली ओढ असते ती गडाच्या माथ्यापेक्षा घळीची. तिथले धोके गडासारखे नाहीत. म्हणून या अंकात तेवढंच घेतलं आहे.

घळ म्हणजे डोंगराला पडलेली खोल, अरुंद चीर. आपल्याकडची सगळ्यांत बोलबाला झालेली घळ म्हणजे सांधण. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे साम्रद नावाचं गाव आहे. गावापासून थोडं चाललं की सपाट जमीन एकाएकी फाटल्यासारखी दिसते आणि आपण त्या फटीत उतरतो. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती, वर आकाशाची एक पट्टी. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे भिंत लागेल इतकी वाट अरुंद. खाली मोठमोठे धोंडे. सुरुवातीच्या भागातच पाण्याचे दोन डोह लागतात. ऋतूप्रमाणे कधी गुडघ्याएवढे, कधी छातीएवढे. पुढे घळ कोकणाकडे उतरत जाते आणि टप्प्यांवर दोर लावल्याशिवाय जाता येत नाही. नवख्यांनी दोराच्या टप्प्याआधीच मागं फिरावं. बघण्यासारखं बहुतेक सगळं तोवर बघून झालेलं असतं.

आता हे लक्षात घ्या की ही चीर जमिनीवरच्या पाण्याची वाट आहे. आजूबाजूच्या पठारावर पडलेला पाऊस सगळीकडून गोळा होतो आणि याच फटीतून कोकणात उतरतो. आपण कोरड्या दिवशी त्या वाटेने चालतो, एवढंच. वस्तीतल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही वरच्या अंगाचं पाणी आलं की नाला भरतो, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. घळ म्हणजे असाच नाला. फक्त त्याचे काठ शंभर-दोनशे फूट उंच आणि सरळ उभे, चढून जाता न येणारे.

याचं सगळ्यांत वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. अ‍ॅरिझोना राज्यात नवाहो या आदिवासींच्या भूमीवर अँटेलोप कॅन्यन नावाची वाळूच्या खडकातली घळ आहे, फोटोंसाठी जगभर प्रसिद्ध. 12 ऑगस्ट 1997 रोजी तिच्या खालच्या भागात पर्यटक उतरले होते. तिथं पाऊस जवळजवळ नव्हताच. कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला ढग फुटला आणि ते पाणी लोंढा होऊन घळीत शिरलं. 11 पर्यटक गेले. शिड्या तेव्हा लाकडाच्या होत्या, त्याही वाहून गेल्या. आता तिथं खडकात पक्क्या बसवलेल्या लोखंडी शिड्या आहेत आणि स्थानिक वाटाड्याशिवाय कुणाला उतरू देत नाहीत. याच घळीच्या वरच्या भागाला नवाहो भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ ‘खडकांतून पाणी वाहतं ती जागा’ असा होतो. तिथल्या लोकांनी नावातच सांगून ठेवलं होतं.

आपल्याकडे 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. ती माणसं प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी होती. पाणी वाढलं तसं सगळ्यांचेच पाय सुटले. साखळी केली की आपण वाचू, हा समज मनातून काढून टाका. जोराच्या पाण्यात एकाचा पाय सुटला की त्याच्या वजनाने दुसराही जातो. वेगाने धावणारं वीतभर पाणीसुद्धा धडधाकट माणसाला पाडतं. पोहता येणाऱ्यालाही तिथं पोहता येत नाही, कारण पाणी त्याला धोंड्यांवर आपटत नेतं.

तेव्हा पहिला नियम: पावसाळ्यात घळीत उतरायचंच नाही. काठावरून बघा, लांबून बघा. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात आणि एप्रिल-मेच्या वळिवात दुपारनंतर ढग जमतात, म्हणून सकाळी लवकर उतरून दुपारच्या आत बाहेर पडायचं. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघायचा, आणि तोही त्या जिल्ह्याचा आणि शेजारच्या जिल्ह्याचा. आपल्या घरावरचं आकाश बघून ठरवू नका. आत असताना पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला, पाण्याची पातळी बोटभर जरी वाढली किंवा वरून घरघर ऐकू आली, तर लोंढा येतो आहे असंच समजायचं. पिशवी टाकायची, मोबाईल सावरत बसायचं नाही. जवळच्या उंच धोंड्यावर, कपारीत, जिथं शक्य असेल तिथं बाजूने वर चढायचं. खालच्या दिशेला पळायचं नाही, पाणी आपल्यापेक्षा वेगात येतं.

आपल्या लेण्यांनाही हे लागू आहे. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीने कोरलेल्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या घळीतच आहेत आणि घळीच्या टोकाला सातकुंडाचा धबधबा आहे. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांसमोर पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो आणि त्याखाली भिजायला गर्दी होते. वरून पाण्याबरोबर दगडही येतात, याचं भान त्या गर्दीत कुणाला नसतं. भिक्खू संघ वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहायचा, फिरायचा नाही. लेण्यांना जाणाऱ्या उपासकांच्या सहलीसुद्धा वर्षावास संपल्यावर काढल्या तर बरं.

पाण्याचा दुसरा त्रास थंडीचा, आणि तो बहुतेकांच्या गावीही नसतो. डिसेंबर-जानेवारीत घळीत ऊन पोचत नाही, वारा मात्र बोगद्यातून यावा तसा येतो. छातीएवढ्या डोहातून भिजून बाहेर आलेलं अंग तास-दोन तास ओलंच राहतं. बारीक अंगाची माणसं, लहान मुलं आणि रक्त कमी असलेल्या बायका लवकर गारठतात. आधी हुडहुडी भरते. मग बोटं ऐकत नाहीत, चेन लावता येत नाही, बोलणं अडखळतं, माणूस चिडचिड करतो किंवा एकदम गप्प बसतो. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्त झाला, तर तो बरा झालेला नाही, त्याचं शरीर हरत चाललेलं आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं-कान झाका, दोघांनी बिलगून बसा. शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर गोड गरम चहा द्या. हातपाय चोळू नका. दारू तर मुळीच नको, तिने वरवर ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. घळीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या थैलीत बांधलेला एक कोरडा सदरा आणि टॉवेल असलाच पाहिजे. महागड्या जाकिटापेक्षा तो जास्त कामाचा.

इथं सिकलसेलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण विदर्भातल्या आपल्या बौद्ध कुटुंबांत हा आजार बराच आढळतो आणि चिखलदऱ्याच्या दऱ्यांत उतरणारी पोरं त्याच घरांतली असतात. गार पाणी, दमछाक आणि पाणी कमी पिणं या तिन्ही गोष्टींनी सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. घळीत त्या तिन्ही एकाच वेळी भेटतात. ज्यांचा अहवाल ‘एसएस’ आहे त्यांनी घळीत उतरू नये. डॉक्टरांना विचारून काठावरून हिंडावं. ‘एएस’ म्हणजे वाहक असणाऱ्यांना एरवी त्रास नसतो, पण तहानलेल्या अवस्थेत जिद्दीने अंग मोडेस्तोवर चढण त्यांनीही टाळावी. तपासणी झालीच नसेल तर सहलीच्या निमित्ताने करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. फिट येणाऱ्यांनी पाण्यात आणि कड्यावर जाऊ नये. दम्याचा पंप गाडीत ठेवायचा नाही, खिशात ठेवायचा.

पडणं हा तिसरा भाग. यामागचं कारण आम्हाला बहुतेक वेळा झोपेत सापडतं. शनिवारची पाळी संपवून रात्रभर टेम्पोत बसायचं, पहाटे पोहे खाऊन थेट धोंड्यांवर. न झोपलेला पाय घसरतोच. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी गावात पोचा, गावातल्या घरी जेवा, झोपा, आणि सकाळी गावातलाच वाटाड्या सोबत घ्या. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. कुठला धोंडा हलतो आणि डोह आज किती खोल आहे, हे त्याच्याइतकं गटाच्या म्होरक्याला माहीत नसतं. बूट खोबणीच्या रबरी तळव्याचे हवेत, चप्पल नको. आणि कड्याच्या टोकावर पाठ करून चित्रफीत काढू नका. जुलै 2024 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्याजवळ मुंबईची एक तरुण मुलगी अशीच चित्रफीत काढताना दरीत पडून गेली.

कुणी पडलाच, तर मित्रांचा पहिला उत्साह त्याला उचलण्याचा असतो. नोकरीच्या काळात आमच्या वॉर्डात एक विशीतला पोरगा आला होता. दहा-बारा फुटांवरून पाठीवर पडला होता. मित्रांनी दोघांनी हात, दोघांनी पाय धरून त्याला झोळीसारखा वर आणला. “पडल्यावर पाय हलवत होता, सिस्टर,” असं ते शपथेवर सांगत होते. आमच्याकडे आला तेव्हा हलवत नव्हता. मित्रांचं प्रेम खोटं नव्हतं, त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणून शिकून घ्या. उंचावरून पडलेला माणूस मान-पाठ दुखते म्हणत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा बेशुद्ध असेल, तर पाठीचा कणा मोडला आहे असं धरून चाला. पाणी चढत नसेल तर त्याला जागचा हलवू नका. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. अंगावर पांघरूण घाला. खायला-प्यायला देऊ नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरा. उलटी होत असेल किंवा पाण्यामुळे हलवावंच लागलं, तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी एकाच वेळी वळवायचं किंवा उचलायचं.

घळीत मोबाईल लागत नाही, म्हणून मदतीला दोघांना वर पाठवा, एकट्याला नको. कागदावर लिहून द्या: कुठल्या जागी, किती जण, काय लागलंय, किती वाजता. रेंज मिळाली की 108 वर रुग्णवाहिका, नाहीतर 112. गावकऱ्यांना आणि पोलिसांना लगेच कळवा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे गिर्यारोहक बचावपथकं चालवतात, पण तेही माणसंच आहेत, पोचायला तास लागतात. सांधणमधून जखमीला धोंड्यांवरून वर काढायचं आणि मग गाडीने राजूर किंवा घोटी गाठायचं, यात अर्धा दिवस सहज जातो. घरातला कमावता हात मोडला की पुढचे किती महिने कसे जातात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

बाकीचं थोडक्यात. माणशी तीन लिटर पाणी न्या, उन्हाळ्यात चार. ओआरएसची पुडी न्या, नाहीतर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोहातलं पाणी पिऊ नका. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, दगड, आरडाओरडा काही नको, गुपचूप मागं फिरा. धोंड्यांच्या फटीत न बघता हात घालू नका. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो भाग न हलवता सरकारी रुग्णालयात न्या, लस तिथं मोफत मिळते. कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. त्यावर प्राझोसिन हे औषध चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. तेव्हा उतारा, मंत्र यांत वेळ घालवू नका.

मुलींसाठी एक. पोहता येत नाही, पाळी आली आहे, भीती वाटते, हे गटात सांगायला पोरी लाजतात आणि मुकाट्याने डोहात उतरतात. पाळीत पाण्यात उतरायला हरकत नाही, पण पोटात कळा असतील तर उतरायची सक्तीही नाही. म्होरक्याने उतरण्याआधीच मोठ्याने विचारावं, “कोण इथंच थांबणार?” आणि थांबणाऱ्याबरोबर एकाने थांबावं. मुलांनाही याचा उपयोग होतो, त्यांनाही पोहता येत नसतं.

घरी आल्यावर पायांच्या जखमा साबणाने धुवा. साचलेल्या पाण्यात जनावरांचं, उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि जखमेतून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. मुंबईकरांना हा आजार 26 जुलै 2005 च्या पुरानंतर चांगला माहीत झाला आहे. बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांत, कधी महिनाभरानेही, थंडी वाजून ताप येतो, पोटऱ्या भयंकर दुखतात, डोळे लाल होतात. तोवर सहल विसरलेली असते आणि माणूस दुकानातून तापाची गोळी आणून अंगावर काढतो. तसं करू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा, की अमुक तारखेला डोंगरातल्या डोहात उतरलो होतो आणि पायाला खरचटलं होतं.