सुबारूचं हेड गॅस्केट गळतंय, गाडी विकू का?

प्रश्न : माझी २००३ची आउटबॅक आहे, २.५ लिटर इंजिनाची. थांबलं की जळक्या तेलाचा वास येतो. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट गेलं. विकून टाकू? – एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : घाई नको. या इंजिनात सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे हेड गॅस्केटची खालची कड कायम तेला-कूलंटात भिजलेली राहते आणि तिथूनच पाझर फुटतो. पण व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळलं तरी तेल एक्झॉस्टवर पडून हाच वास येतो, आणि ते काम फारच स्वस्त. म्हणून आधी इंजिन पुसून घ्या, आठवडाभर चालवा, मग गाडी उचलून बॅटरीच्या उजेडात पाहा. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर ओल दिसली तर मेकॅनिक खरा. नुसता पाझर असेल तर कूलंटवर नजर ठेवून काही काळ निभावतं. तापमानाचा काटा चढू लागला तर मात्र गाडी तिथेच थांबवा.

काम काढलंच तर अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट मागा, हेड सपाट करून घ्या. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही त्याच वेळी बदला. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. इथे काटकसर म्हणजे शुद्ध वेडेपणा.