केक आधी भाजा, गोठवा, मग कोरा

ठरल्या वेळी माल देणे हा तिजारतीचा पहिला नियम. जो दर्जी ईदच्या आदल्या रात्री कापड कापायला बसतो, त्याची शिलाई बिघडते आणि गिऱ्हाईकही तुटते. हुशार दर्जी कटाई आधी उरकतो आणि शेवटचे दिवस बारीक कामासाठी राखतो. कापडाच्या धंद्यात आम्ही हे रोज पाहतो. हाच हिशेब केकच्या हुनरालाही लागू आहे.

आज लालबाग, परळ, दादर, गिरगाव, डोंगरी अशा भागांत घरून केक करून देणाऱ्या भगिनी आहेत. मोटार, पुस्तक, बाहुली, क्रिकेटची बॅट अशा आकारांचे कोरीव केक लोक हौसेने मागवतात. परंतु लग्ने आणि वाढदिवसाच्या पार्ट्या शनिवार-रविवारीच येतात. भाजणे, कोरणे, सजविणे हे सारे एका रात्रीत करू गेल्यास केकही बिघडतो आणि तब्येतही. यावर उपाय म्हणजे केक आधी भाजून गोठविणे.

काम आणि विक्री यांची नीट व्यवस्था लावल्याने धंदा कसा वाढतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. फोर्टमधील मोंजिनीस हा मूळचा दोन इटालियन बंधूंचा व्यवसाय. तो 1958 मध्ये खोराकीवाला कुटुंबाने घेतला, 1971 मध्ये कंपनीचे रूप दिले आणि फ्रँचायझी पद्धतीने दुकानांचे जाळे उभे केले. लहान कारीगराकडे कारखाना नसतो; पण आठवड्याची आखणी त्याच्या हातात असते.

गोठविल्याने काय होते? ताजा केक मऊ असतो. सुरी लावताच त्याचा चुरा पडतो आणि कडा तुटतात. थंडीत त्यातील लोणी व पाणी घट्ट होते, त्यामुळे काप स्वच्छ येतो. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उघडा ठेवलेला केक लवकर शिळा व कोरडा लागतो, कारण त्या थंडीत मैद्यातील स्टार्च भराभर कडक होतो. उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ही क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून दोन-चार दिवस आधी भाजलेला केक फ्रिजपेक्षा फ्रीझरमध्येच चांगला राहतो.

कोणता केक गोठवावा? लोण्याचा घट्ट केक कोरण्यास उत्तम. फार हलका स्पंज आकार धरत नाही. थरांमध्ये बटरक्रीम किंवा चॉकलेट गनाश चालते. कस्टर्ड आणि ताजी फळे घालून गोठवू नये. त्यांना नंतर पाणी सुटते.

कामाचा क्रम. समजा, ऑर्डर शनिवारी संध्याकाळची आहे.

1. मंगळवारी केक भाजून पूर्ण गार करा. गरम केक गुंडाळल्यास आत वाफ धरते. थर लावून त्यावर चिकट प्लास्टिकचे दोन वेढे द्या, वरून अॅल्युमिनियमची फॉईल लावा आणि तारीख लिहा. फ्रीझरमध्ये मासळी-मटणाशेजारी ठेवू नका. केक वास ओढून घेतो. महिन्याच्या आत वापरलेला केक चवीला चांगला राहतो.

2. शुक्रवारी सकाळी केक बाहेर काढा, पण वेष्टन लगेच सोडू नका. मुंबईच्या दमट हवेत थंड वस्तूवर दव जमते. ते वेष्टनावर जमले तर पुसता येते. केकवर जमले तर पृष्ठभाग चिकट होतो. अर्ध्या-पाऊण तासाने वेष्टन काढा. केक दगडासारखा कडक असताना सुरी घसरून हाताला लागते, म्हणून तो किंचित नरमला की दातेरी सुरीने कोरा. दर्ज्याप्रमाणे कागदाचा फर्मा आधी कापून घ्या. थोडे थोडे कापा. कापलेले परत जोडता येत नाही.

3. कोरून झाल्यावर बटरक्रीम किंवा गनाशचा पातळ हात द्या, म्हणजे चुरा धरला जाईल. मग केक फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रीपर्यंत ठेवा. आतली गोठण पूर्ण उतरली पाहिजे. मधोमध बारीक सळई घालून पाहा. ती कुठे अडता कामा नये. रात्री दुसरा जाड हात द्या. आपल्या हवेत डार्क चॉकलेटच्या गनाशला दोन भाग चॉकलेट व एक भाग क्रीम असे प्रमाण ठेवावे.

4. शनिवारी सकाळी फाँडंट चढवा. आतून गोठलेल्या केकवर फाँडंट चढविल्यास केक नरमताना हवा व ओल बाहेर येऊ पाहते. मग फाँडंटला फुगे येतात, तो ओला होऊन खाली घसरतो. सगळी मेहनत येथेच वाया जाते.

एकदा नरमलेला केक पुन्हा गोठवू नये. वीज गेल्यास फ्रीझरचे दार उघडू नये. भरलेला फ्रीझर बंद दाराने सुमारे 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे 24 तास. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज कित्येक तास गेली होती. तशी वेळ पुन्हा येऊ शकते.

फाँडंटमध्ये पुष्कळदा जिलेटिन असते आणि ते जनावरांपासून बनते. डब्यावरचा मजकूर वाचावा, हलाल प्रमाणित किंवा वनस्पतिजन्य पदार्थाचाच माल घ्यावा. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत साहित्य घेताना हे विचारण्यास संकोच करू नये. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी घरच्या कामालाही लागते.

शेवटची गोष्ट सचोटीची. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला ती ओल लोकांना दिसेल अशी वर ठेवण्यास सांगितले, हा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. केक गोठविणे ही लबाडी नाही. ती कामाची रीत आहे. पण गिऱ्हाइकाने विचारले की “आजच भाजला का?”, तर खरे तेच सांगावे: मंगळवारी भाजला, नीट गोठविला, आज सजविला. चव चांगली असली तर गिऱ्हाईक परत येते. खोटे बोलून मिळविलेली ऑर्डर एकदाच मिळते, आणि तिच्यात बरकत नसते.