माथेरानच्या डोंगरावरील वाफेची एंजिने

डोंगर चढणाऱ्या आगगाडीच्या एंजिनापुढे दोन परस्परविरोधी प्रश्न उभे राहतात. चढणीवर चाके घसरू नयेत म्हणून एंजिनाचा भार गती मिळणाऱ्या चाकांवरच पडावा लागतो, आणि ती चाके दांड्यांनी एकमेकांस जोडावी लागतात. परंतु अशी अनेक चाके ताठ चौकटीत बसविली, की अरुंद वळणावर ती रुळांना अडू लागतात. नेरळ-माथेरान मार्गावर हा पेच ज्या रीतीने सोडविण्यात आला, ती अभ्यासण्याजोगी आहे.

हा मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधविला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ६१० मिलिमीटर आहे. सुमारे २० किलोमीटरांत गाडी ७०० मीटरांहून अधिक उंच चढते. सर्वांत तीव्र चढण २० मीटरांस १ मीटर अशी आहे. येथे दातेरी रूळ नाही. त्यामुळे चढाईची सारी भिस्त चाक व रूळ यांच्यातील घर्षणावर असते.

या मार्गासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन व कोपेल या कारखान्याने सहा चाकांची चार एंजिने पुरविली. पाण्याच्या टाक्या एंजिनावरच असल्याने पाण्याचे वजनही चाकांवर पडे. वळणांसाठी सॅक्सनीचे अभियंते क्लीन व लिंडनर यांनी शोधलेली आसरचना योजिली होती. सामान्य एंजिनात चाके भरीव आसावर घट्ट बसविलेली असतात. या रचनेत पुढच्या व मागच्या जोडीची चाके एका पोकळ आसावर असतात आणि त्याच्या आतून दुसरा, भरीव आस जातो. आतला आस चौकटीत स्थिर राहून फिरतो. जोडदांडे त्यालाच जोडलेले असल्याने नेहमी समांतर राहतात. दोन्ही आस मध्यभागी, खांद्यातील उखळीच्या सांध्यासारख्या गोल सांध्याने जोडलेले असतात. त्यातील खीळ फिरण्याची गती बाहेरच्या आसास देते. परंतु पोकळ आस चाकांसह किंचित तिरपा होऊ शकतो. अशा रीतीने एंजिनाची ओढ कमी न होता चाके वळणाच्या दिशेने वळतात.

या एंजिनांनी १९८२ पर्यंत गाड्या ओढल्या. पुढे त्यांची जागा डिझेल एंजिनांनी घेतली. त्यांपैकी एक एंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.