मुक्काम सोयीचा, उंची तीच

नेपाळमधल्या लुक्लाच्या विमानतळावर उतरलेला मराठी माणूस एक पाऊलही न चढता कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बाराशे मीटर वर पोहोचलेला असतो. कळसूबाई १६४६ मीटर, लुक्ला २८६०. आपण इतक्या उंचीवर आलो आहोत हे मात्र तिथे फारसे जाणवत नाही. धावपट्टीला लागूनच लॉज आहेत, गरम चहा तयार आहे, सामान भरिया उचलतो, वाट दाखवायला गाइड सोबत आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर आज रोज रात्री छप्पर, गादी, रजई आणि ताटभर डाळभात मिळतो. तंबू ठोकायला नको, चूल मांडायला नको. नेमक्या या सोयीमुळेच लोक तयारीत कमी पडतात, असे कोल्हारच्या एका निवृत्त शिक्षिका सांगतात. त्या आपल्या परिसरातल्या एका गटाबरोबर तिथवर जाऊन आल्या आहेत.

गावात त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. आल्यापासून त्यांच्याकडे विचारायला येणाऱ्यांची रीघ आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, खोल्या कशा होत्या? बाईंचे उत्तर ठरलेले आहे. खोल्यांचे नंतर बोलू, आधी सांगा, तुम्ही रोज किती चढता?

प्रश्न रोखठोक आहे, कारण कोल्हार हे सपाटीवरचे गाव. प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर, उसाच्या आणि पाटपाण्याच्या मुलखात. समुद्रसपाटीपासून उंची पाचशे मीटरच्या आसपास. सकाळी पाटाच्या कडेने तासभर चालणारी माणसे इथे पुष्कळ आहेत, आणि ‘आम्ही रोज चालतोच की’ हे त्यांचे म्हणणे खरेही आहे. पण सपाट रस्त्यावरच्या चालीने चढाचा दम येत नाही आणि उताराचे गुडघे तर मुळीच तयार होत नाहीत.

सुदैवाने याच गावाच्या नावाने सुरू होणारा एक रस्ता थेट राज्याच्या माथ्यापाशी जातो. कोल्हार-घोटी राज्यमार्ग लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत बारी या गावापाशी पोहोचतो. बारी म्हणजे कळसूबाईचा पायथा. कोल्हारहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. ज्या पाटाकाठी कोल्हारकर फिरतात त्याचे पाणीही तिकडूनच येते. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात अडते. तयारीसाठी दूर जायची गरज नाही, सगळे जिल्ह्यातच आहे.

बारीहून माथ्यापर्यंतची चढाई साधारण साडेआठशे मीटरची आहे. हे माप लक्षात ठेवण्यासारखे आहे. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी माँ ब्लाँची प्रदक्षिणा सुमारे १७० किलोमीटरची आहे आणि तिच्यात एकूण चढाई दहा हजार मीटरच्या आसपास भरते. लोक ती साधारण दहा-अकरा दिवसांत करतात. म्हणजे रोज एक कळसूबाई, कधी थोडी जास्त, आणि तेही सलग. तिथे गावोगावी उत्तम हॉटेले आहेत, बॅग पुढच्या मुक्कामावर गाडीने पोहोचवण्याची सोय आहे, जेवण चांगले आहे. उंचीचा त्रास तिथे सहसा होत नाही, कारण त्या वाटेवरच्या सर्वांत उंच खिंडीही लुक्लाच्या विमानतळापेक्षा खालीच आहेत. त्या प्रदक्षिणेत माणूस थकतो तो पायांनी.

म्हणून बाईंचा पहिला सल्ला असा, की एकदा कळसूबाई चढून आलात म्हणजे तयारी झाली असे समजू नका. शनिवारी कळसूबाई करा, भंडारदऱ्याला चांगल्या हॉटेलात राहा, पोटभर जेवा, आणि रविवारी सकाळी उठून रतनगडाला निघा. अनेक दिवसांच्या भटकंतीची परीक्षा या दुसऱ्या सकाळी होते. मांड्या धरलेल्या असतात, टाचेवर फोड आलेला असतो, अंथरूण सोडवत नाही, आणि तरीही निघायचे असते. असे सलग दोन दिवस निभावले की तिसऱ्या दिवसाचा अंदाज आपोआप येतो. पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी हवीच. ओझे भरिया नेत असला तरी पाणी, जाकीट, रेनकोट आणि खाऊ आपल्याच पाठीवर असतो.

उतरण्याकडे लोकांचे फार दुर्लक्ष होते. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आणि पायऱ्या उतरताना गुडघे थरथरले तर ते घरी येऊन विसरायचे नाही. चालण्याच्या दोन काठ्या घ्याव्यात आणि त्या इथेच वापरून पाहाव्यात. बूट तर निदान दोन महिने आधी घेऊन पायात मुरवलेले असावेत. ते नेहमीपेक्षा थोडे मोठे हवेत. उतारावर बोटे पुढे आदळतात, नखे काळी पडतात आणि मग कितीही मऊ गादी मिळाली तरी दुसऱ्या दिवशी बुटात पाय जात नाही. बुटांइतकेच मोजेही महत्त्वाचे. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड आणतात. सुती बनियनचेही तेच, थांबलात की अंगावर गार पडते.

एप्रिलमध्ये जायचे असेल तर कार्तिक ते माघ हा सरावाला उत्तम काळ. ऑक्टोबरमध्ये जायचे असेल तर सरावाचे महिने ऐन पावसात येतात. तेव्हा कळसूबाईच्या शिड्या निसरड्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यांवर रांगा लागतात. अशा वेळी मधल्या वारी जावे, नाहीतर चार मजली इमारतीचे जिने पिशवी घेऊन चढावे-उतरावे. जिन्यांचा सराव कंटाळवाणा असला तरी उपयोगी पडतो.

आता मुख्य गोष्ट. सह्याद्रीत पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. उंचीचा त्रास साधारण २५०० मीटरच्या वर सुरू होतो, आणि महाराष्ट्रात तेवढी उंच जागाच नाही. गोरक्षेप हा बेस कॅम्पच्या आधीचा शेवटचा मुक्काम ५१६४ मीटरवर आहे, बेस कॅम्प ५३६४ वर. तिथे एका श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, पण त्याला लागेल तेवढा वेळ घेऊनच. डॉक्टर मंडळी सांगतात तो नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. म्हणूनच शहाण्या कार्यक्रमात ३४४० मीटरवरच्या नामचे बाजारला दोन रात्री असतात आणि ४४१० मीटरवरच्या दिंगबोचेला पुन्हा दोन. या रात्री ‘फुकट’ वाटतात, कारण त्या दिवशी अंतर कापले जात नाही. स्वस्त सहलीत पहिली कात्री याच रात्रींना लागते.

आणि इथे तंदुरुस्ती कामाला येत नाही, हे पटायला सर्वांत कठीण आहे. बाईंच्या गटात सर्वांत दमदार गडी होते ते जवळच्या गावात खते-बियाण्यांचे दुकान चालवणारे एक गृहस्थ. वय चाळिशीचे, व्हॉलीबॉल खेळणारे, रोज सर्वांच्या आधी मुक्कामाला पोहोचणारे. दिंगबोचेला त्यांचे डोके दुखू लागले. त्यांनी कुणाला सांगितले नाही. रात्री ताट तसेच सरकवले, तेव्हा ‘डाळभाताचा कंटाळा आला’ म्हणाले. गाइडने विचारले तरी ‘ठीक आहे’ हेच उत्तर. गटाचा वेग आपल्यामुळे कमी व्हायला नको, हा त्यांचा विचार. दुखण्याची गोळी घेऊन ते दुसऱ्या दिवशी ४९४० मीटरवरच्या लोबुचेपर्यंत चालले.

सकाळी बुटाची नाडी बांधताना त्यांचा तोल गेला. गाइडने त्यांना फरशीच्या फटीवरून पावलाला पाऊल जोडून सरळ चालायला सांगितले. चार पावले नीट पडेनात. त्यानंतर चर्चा झाली नाही. गाइड आणि एक भरिया त्यांना धरून लगेच खाली निघाले, फेरिचेच्या दवाखान्याकडे. १९७३ साली स्थापन झालेली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन हा दवाखाना हंगामात चालवते. उतरल्यावर आणि उपचारांनंतर ते बरे झाले. पण असा तोल जाणे म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, आणि त्यात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. बसल्याजागी धाप लागणे, खोकला वाढत जाणे ही फुफ्फुसात पाणी भरत असल्याची खूण. दोन्हींवर पहिला उपाय एकच, खाली उतरणे. डोके दुखत असताना त्या उंचीवर झोपायला हरकत नाही, पण आणखी वर जायचे नाही. आणि डोकेदुखी थांबवणारी गोळी घेऊन वर जायचे म्हणजे शरीर ओरडून सांगत असताना कान झाकून घ्यायचे.

डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी अनेक जण घेतात. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, त्रास झाकत नाही. पण ती दुकानातून परस्पर घेण्याची वस्तू नव्हे. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचे दुखणे, रक्तदाबाची चालू औषधे हे सगळे आपल्या डॉक्टरांसमोर ठेवूनच डोस ठरवावा. पन्नाशीपुढच्यांनी निघण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. वर असताना दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

खोल्यांबद्दल सांगायचे तर लुक्ला, नामचे इथे खरोखर चांगली लॉज आहेत. काही ठिकाणी खोलीतच न्हाणीघर, काही ठिकाणी तापणारी गादीही. दिंगबोचेपासून पुढे चित्र बदलते. भिंती पातळ फळ्यांच्या, शेकोटी फक्त जेवणाच्या खोलीत आणि तीही संध्याकाळपुरती, शौचालय सामाईक. रात्री बाटलीतले पाणी गोठते. माहितीपत्रकावरचा फोटो बहुधा नामचेचा असतो. उबदार स्लीपिंग बॅग न्यावीच, भाड्याने काठमांडूत मिळते. गरम पाण्याची अंघोळ, मोबाइल चार्ज करणे, वाय-फाय यांचे पैसे वर जावे तसे वाढतात, तेव्हा नेपाळी रोकड पुरेशी ठेवावी.

जेवण साधे ठेवावे. त्या खोऱ्यात प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर वाहून आणलेले असते आणि वाटेत किती दिवस गेले ते सांगता येत नाही, म्हणून मांसाहारी लोकांनीही वर शाकाहारावर राहणे बरे. उंचीवर भूक मरते. बाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू नेले होते. जेवण जात नव्हते तेव्हा गटातल्या अनेकांनी त्यावरच दिवस काढले.

भरियाच्या ओझ्याचा विचारही तयारीतच धरायला हवा. दोघांचे सामान एका माणसाच्या पाठीवर जाते. निघण्याआधी आपली पिशवी घरच्या काट्यावर ठेवावी. लुक्लाच्या छोट्या विमानात तसेही सगळे मिळून पंधरा किलोच्या आसपासच सामान चालते. भरियाला बूट आहेत का, उबदार कपडे आहेत का, त्याचा विमा उतरवला आहे का, हे आयोजकाला विचारण्यात संकोच नसावा.

विमा आपलाही हवा, आणि साधा प्रवासविमा इथे चालत नाही. सहा हजार मीटरपर्यंतची पदभ्रमंती आणि हेलिकॉप्टरने सुटका, हे दोन्ही पॉलिसीत लिहिलेले आहे का ते पाहावे. २०१८ मध्ये नेपाळमध्ये गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार उघडकीस आले आणि सरकारला चौकशी करावी लागली. म्हणून विमा कंपनीचा तातडीचा नंबर गटातल्या दोघांकडे तरी असावा. लुक्लाची विमाने ढग आले की रद्द होतात, कधी सलग दोन-तीन दिवस. गर्दीच्या हंगामात तर ती काठमांडूऐवजी चार-पाच तास दूरच्या रामेछापहून सुटतात. परतीचे मुंबईचे तिकीट दुसऱ्याच दिवसाचे काढणे म्हणजे ते गमावण्याची तयारी ठेवणे.

हे सगळे पहिल्याच खेपेला जड वाटत असेल तर उत्तराखंडातली फुलांची दरी आहे. राहायचे ते तीन हजार मीटरच्या आसपासच्या घांगरियाच्या हॉटेलांत. दरीत रात्री राहायला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत परतावेच लागते. १ जून ते ३१ ऑक्टोबर ती खुली असते. फुलांचा बहर जुलै-ऑगस्टचा, आणि दरडींमुळे रस्ते अडण्याचा काळही तोच, म्हणून तिथेही दोन दिवस हाताशी ठेवावेत.

एव्हरेस्टच्या वाटेला जाणाऱ्यांनी मात्र आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आयोजकाकडून एक कागद जरूर मागावा. त्यावर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे गाव आणि त्याची उंची लिहिलेली असावी. नामचे आणि दिंगबोचेला दोन-दोन रात्री आहेत का ते पाहावे. एखादा आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार आणि उरलेल्या गटाबरोबर कोण राहणार, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील तर लॉज कितीही चांगली असोत, पैसे भरू नयेत.