शरीराने दूर, अंतःकरणाने जवळ

वाचन : १ थेस्सल. २:१७ – ३:१०

सैनिकाच्या पत्त्यात ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ असते, गावाचे नाव नसते. तो कोठे आहे हे न कळले, तरी कसा आहे हे कळू शकते. थेस्सलनीकाकरांचा वियोग पौलाला सोसवेना, तेव्हा त्याने तीमथ्याला पाठविले. त्याने आणलेल्या वर्तमानाने पौलाचे सांत्वन झाले.

म्हणून फोन लागत नसेल त्या दिवसांत पत्र लिहा. पत्रांना क्रमांक घाला, म्हणजे ती मागेपुढे पोहोचली तरी धागा तुटणार नाही. आईचे दुखणे, मुलाचे अपयश लपवू नका. लपविल्याने दुरावा वाढतो. दोघांनी प्रार्थनेची एकच वेळ ठरवा. घरच्या निर्णयांत त्याचे मत घेत राहा, म्हणजे रजेवर आलेला पिता स्वतःच्याच घरी पाहुणा ठरणार नाही.