शब्दांचे अवयव

पुण्यातील स्वारगेट हा सदैव गजबजलेला चौक आहे. त्याचे नावच पाहा. ‘स्वार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला, ‘गेट’ इंग्रजीतून. दोन दूरच्या भाषांतील शब्द जोडले गेले आणि पुणेकरांच्या तोंडी एक नाव रुळले. राज्यकारभारातील पुष्कळ शब्दही असेच अवयव जोडून घडले आहेत. ते अवयव सुटे करून पाहिले, म्हणजे शब्दाचा खरा आशय कळतो.

या चौकास देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, यासाठी १९५६ साली पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. जेधे हे तिच्या अग्रणी नेत्यांपैकी एक होत. ‘सम्’ या उपसर्गाचा अर्थ ‘एकत्र’ आणि ‘इ’ या संस्कृत धातूचा अर्थ ‘जाणे’. म्हणून ‘समिती’ म्हणजे एकत्र येणे. ‘संयुक्त’ या शब्दातही तोच ‘सम्’ आहे. भिन्न मतांचे पक्ष त्या समितीत खरोखरच एकत्र आले. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

पुण्यात १९५० साली महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढे नगराला महापौर लाभला. ‘पुर’ म्हणजे नगर. पुरात राहणारा तो ‘पौर’. त्याच्या आधी ‘महा’ जोडून ‘महापौर’ हा शब्द सिद्ध होतो. महापौर हा नगराचा धनी नव्हे, तर नागरिकांतील पहिला नागरिक होय. ‘नगरसेवक’ हा तत्पुरुष समास आहे : नगराचा सेवक. निवडून आल्यावर सेवकच स्वामी होऊ पाहील, तर त्याचे पदनामच त्याला जाब विचारील.

आता ‘लोकशाही’ हा शब्द घ्या. ‘शाह’ म्हणजे राजा. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही ही नावे इतिहासात तुम्ही वाचली आहेत. तेथे ‘शाही’च्या आधी राजाचे नाव असे. त्या जागी संस्कृत ‘लोक’ शब्द येऊन बसला आणि सत्तेचा धनी बदलला. पण याच ‘शाही’ने हुकूमशाही आणि झुंडशाही हे शब्दही घडतात. प्रत्यय तोच, त्याच्या आधी कोण उभे आहे, यावर सारे अवलंबून असते. लोक जागरूक राहिले नाहीत, तर ती जागा दुसरा कोणी घेतो. स्वारगेटच्या गर्दीतील प्रत्येक प्रवासी हा त्या ‘लोक’ शब्दाचाच एक अंश आहे.

स्वाध्याय
१. ‘महापौर’ व ‘नगरसेवक’ या शब्दांवरून त्या पदांची कोणती कर्तव्ये सूचित होतात?
२. ‘सम्’ उपसर्ग असलेले आणखी तीन शब्द लिहा.
३. लोकशाही व झुंडशाही यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.